बाजूच्या सीटवरचा ब्रेक

ज्यांना गाडी चालवायची हौस असते ते गाडी घेतात. ज्यांना दुसऱ्याने चालवलेली गाडी बघवत नाही ते गाडी शिकवायचा क्लास काढतात. मास्तर या दुसऱ्या प्रकारातले.

मास्तर म्हणजे खडू-फळ्यावाले नव्हेत. त्यांच्या वर्गाला चार चाकं होती, छपरावर पाटी होती आणि पटावर एका वेळी एकच विद्यार्थी. पण एकेक करता करता इतक्या वर्षांत अर्धं शहर त्यांच्या हाताखालून गेलं होतं. हाताखालून म्हणायची आपली पद्धत. खरं म्हणजे पायाखालून. कारण मास्तरांच्या गाडीत ब्रेक दोन होते. एक चालवणाऱ्याच्या पायाशी, दुसरा बाजूच्या सीटवर बसलेल्या मास्तरांच्या पायाशी, आणि दोन्ही एकाच लोखंडी दांडीला जोडलेले. शिकाऊ माणूस भिंतीच्या दिशेने निघाला, की मास्तर आपल्या बाजूचा दाबत. गाडी थांबे आणि भिंत वाचे.

आता यात विशेष काही नाही, असा ब्रेक सगळ्याच क्लासवाल्यांकडे असतो. विशेष होता तो मास्तरांचा चेहरा. बाकीचे शिकवणारे ब्रेक दाबताना ओरडतात, "मेलो असतो आत्ता!" म्हणून कपाळ बडवून घेतात. मास्तरांना हा आरडाओरडा मुळीच पसंत नव्हता. ते ब्रेक दाबताना खिडकीबाहेर बघत दुकानांच्या पाट्या वाचायचे. खाली पाय खांबासारखा रोवलेला आणि वर चेहरा असा, की हे गृहस्थ बस चुकली म्हणून सहज कोणाच्या तरी गाडीत बसलेत. गाडी थांबली, की मान वळवून म्हणायचे, "वा! काय वेळेवर थांबवलीत! तुम्हीच चालवताय हो गाडी, मी आपला नुसता बसलोय." शिकणाऱ्याची छाती वीतभर फुगायची. आपल्या पायाचा पत्ता आजवर एकाही विद्यार्थ्याला लागलेला नाही, अशी मास्तरांची ठाम समजूत होती. या समजुतीवर त्यांना रात्री झोप चांगली लागायची.

अडचण एवढीच, की क्लास सुटला तरी पाय सुटत नसे. सोफ्यावर बसून टीव्हीत ट्रक दिसला, की पाय खाली. न्हाव्याच्या खुर्चीत वस्तरा कानाजवळ आला, की पाय खाली. बायकोने पातेल्यात मीठ घालायला दुसऱ्यांदा चमचा उचलला, तरी पाय खाली.

"अहो, फरशीला खड्डा पडेल," ती म्हणायची.

ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढायची. दिवसभर माणसांना 'आता दिसतं का? आता?' विचारून विचारून तिला एक शांतपणा आला होता, आणि घरातल्या माणसाचा नंबर तर तिने लग्नानंतर लगेचच काढून ठेवला होता. गाडी तिलाही येत होती, लायसन्सही होतं. पण तिने किल्ली उचलली, की मास्तर बाजूच्या सीटवर हजर. "सोबत बरी असते," म्हणायचे. या सोबतीमुळे ती आजवर एकटी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा गाडी घेऊन गेली नव्हती.

आणि ठकीच्या बाबतीत तर बोलायलाच नको. ठकी हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण खऱ्या नावाने हाक मारली तर ती वळूनही बघायची नाही. पाच वर्षांची, उशिरा झालेली, एकुलती एक. तिच्या तीनचाकी सायकलीला मास्तरांनी मागून दोरी बांधली होती आणि दोरीचं टोक स्वतःच्या मनगटाला. बागेतल्या पोरांना वाटायचं, हा माणूस सायकलीबरोबरच मिळतो. घसरगुंडीवर ठकी वर चढली, की खाली मास्तर दोन्ही हात पसरून उभे. बिचारी घसरायची ती थेट बापाच्या पोटात. घसरगुंडीचं खालचं टोक कसं असतं, हे तिने पाहिलेलंच नव्हतं.

तर ही ठकी घोरायला लागली. साधंसुधं नाही, एखाद्या पोट सुटलेल्या काकांनी घोरावं तसं. दिवसा तोंड उघडं, नाक कायम वाहतं आणि टीव्हीचा आवाज इतका मोठा, की शेजाऱ्यांना आपला टीव्ही लावायची गरज उरली नाही. आधी घरचे उपाय झाले, मग नेहमीच्या डॉक्टरांची औषधं झाली, आणि शेवटी त्यांनी नाक-कान-घशाच्या मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. "हात फार चांगला आहे बाईंचा," ते म्हणाले. मास्तर बायकोला आणि ठकीला घेऊन निर्धास्त मनाने गेले. दार ढकलून आत पाऊल टाकलं आणि जागच्या जागी थिजले.

"अय्या, मास्तर! तुम्ही?"

टेबलामागे बसलेल्या डॉक्टरीणबाई मास्तरांच्या जुन्या विद्यार्थिनी होत्या. नुसत्या विद्यार्थिनी नव्हे. प्रत्येक मास्तराच्या नशिबी एक अशी विद्यार्थिनी असते, की जिच्या आठवणीने म्हातारपणीही घाम फुटावा, ती ही. समोरून ट्रक आला, की या बाई स्टीअरिंग सोडून दोन्ही हात डोळ्यांवर घ्यायच्या. एकदा दिव्याच्या खांबाला 'सॉरी' म्हणाल्या होत्या, तेही गाडी खांबापासून वीतभर अलीकडे मास्तरांनी थांबवल्यावर. त्या काळात मास्तरांच्या पायाला गोळे यायचे आणि बायको रात्री तेल चोळायची.

"तुमच्यामुळे आज एवढ्या रहदारीतून रोज एकटी येते हो मी गाडी चालवत," बाई ठकीला खुर्चीवर बसवत म्हणाल्या. मास्तर कसनुसं हसले. आपण आज रस्त्याने धडधाकट इथपर्यंत कसे पोचलो, याचंच त्यांना नवल वाटायला लागलं.

बाईंनी ठकीच्या नाकात बारीक नळी घालून पाहिलं. ठकी हललीही नाही, इतकं ते अलगद झालं. मास्तरांनी ते पाहिलं, पण मनाला लावून घेतलं नाही. माणसाला भ्यायचंच असलं, की समोरचा पुरावा दिसत नाही.

"नाकाच्या मागे गाठ वाढलीय," बाई म्हणाल्या. "असते सगळ्याच मुलांना, हिची जरा जास्तच मोठी आहे. हवेची वाटच अडवून बसलीय. कानावरही दाब येतोय, म्हणून टीव्ही मोठा लागतो. काढून टाकू. तोंडातूनच काढतात, बाहेरून टाका नाही की काही नाही. किरकोळ ऑपरेशन आहे, संध्याकाळी घरी."

टेबलाखाली मास्तरांचा पाय सरळ झाला.

किरकोळ! या शब्दाचा अर्थ शब्दकोशवाल्यांना कळलेला नाही. किरकोळ म्हणजे दुसऱ्याच्या मुलाचं ऑपरेशन. आपल्या मुलाचं नख कापायचं म्हटलं, तरी ते भयंकर असतं.

"मॅडम," मास्तरांनी घसा साफ केला. "तिथे आत... दिवे फार मोठे असतात ना? म्हणजे असे समोरून डोळ्यांवर येणारे?"

"वरून असतात, मास्तर," बाई म्हणाल्या. "समोरून काही येत नाही."

बायकोने तारीख पक्की केली. जिना उतरून गाडीत बसल्यावर मास्तरांना कंठ फुटला.

"अगं, त्या बाईला मी शिकवलंय! ती हात डोळ्यांवर घेते!"

"गाडीत घेत असेल. नाकाचा आणि ट्रकचा काय संबंध?"

"माझ्या बाजूला ब्रेक होता म्हणून वाचली ती. तिथे आत कोणाचा पाय असणार आहे?"

"अहो, तुम्हाला रस्त्यावरचा खड्डा अर्ध्या मैलावरून दिसतो," बायको म्हणाली, "पण समोर बसलेलं माणूस काही दिसत नाही. जवळचा नंबर वाढलाय तुमचा." विषय तिथे संपला, निदान तिच्यापुरता तरी.

पुढचे दिवस सल्ल्यांचे गेले. घरात लहान मुलाचं ऑपरेशन ठरलं, की पाहुण्यारावळ्यांच्या ज्ञानाला भरती येते. मास्तरांच्या थोरल्या बहिणीने फोनवर सांगितलं, की त्यांच्या नणंदेच्या मुलाची अशीच गाठ काढली आणि तेव्हापासून त्याचा आवाज बदलला. कसा बदलला विचारलं, तर म्हणाल्या, "आता उलट उत्तरं देतो." मेहुण्याने असल्या ऑपरेशनची अख्खी फिल्म मोबाइलवर पाहिली होती आणि ती सोसली नाही म्हणून तो अर्ध्यात जेवायला उठला होता, उरलेली मास्तरांनी बघावी म्हणून त्याने पाठवून दिली. मास्तरांनी ती पाहिली नाही. पण ती मोबाइलमध्ये आहे एवढ्यानेच त्यांना खिसा जड वाटायला लागला.

या सगळ्यात ज्या बाईचं ऑपरेशन होतं ती मजेत होती. ऑपरेशननंतर आइस्क्रीम मिळतं, एवढी एकच गोष्ट तिने सगळ्या चर्चेतून उचलली होती. फक्त एकदा, मास्तर तिच्या चपलेचा पट्टा लावून देत असताना, तिने विचारलं,

"बाबा, आत अंधार असतो?"

"छे! मोठे दिवे असतात."

"तू येशील आत?"

इथे मास्तरांनी आपल्या धंद्यातली जुनी चूक केली. समोरचा घाबरला की त्याला खरं सांगायचं नाही, धीर द्यायचा, आणि मग जे व्हायचं ते पायाने निभावून न्यायचं. "म्हणजे काय!" ते म्हणाले. "मी तुझ्या बाजूलाच बसणार. गाडीत बसतो ना, तस्सा."

ठकीचं समाधान झालं. तिने दुसरी चप्पल पुढे केली. आईबापांना आत सोडत नाहीत हे मास्तरांना बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण शब्द गेला तो गेला. बायकोला त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर तिने त्यांना तिथल्या तिथे ठकीसमोर बसवून खरं बोलायला लावलं असतं, म्हणूनच सांगितलं नाही.

ऑपरेशनच्या दिवशी ठकीला सकाळपासून खायला-प्यायला बंदी होती. बापाचं काळीज म्हणून मास्तरांनीही पाण्याचा थेंब घेतला नाही. बायकोने मात्र स्वयंपाकघराचं दार लोटून घेऊन उभ्या उभ्या पाव आणि चहा संपवला. "दोघंही चक्कर येऊन पडलो, तर तिला घरी कोण आणेल?" ती म्हणाली. मास्तरांना ते फार कठोर वाटलं. हॉस्पिटलात पोचेस्तोवर त्यांच्या पोटात कावळे ओरडत होते, पण ते भीतीचे की भुकेचे, हे ओळखण्याच्या मनःस्थितीत ते नव्हते.

वॉर्डात नर्सने ठकीला पाठीवर नाड्या असलेला झगा घातला आणि एक गोड औषध पाजलं. त्याने गुंगी येते. ठकीचे डोळे जड झाले, जीभ थोडी सैल झाली. मग मावशी आल्या. हॉस्पिटलातल्या मावश्यांना जगात कशाचं म्हणून नवल वाटत नाही. या तर पेशंटकडे न बघता आधी ट्रॉलीच्या चाकांकडे बघणाऱ्या. त्यांनी ठकीला उचलून ट्रॉलीवर निजवलं, कडेचे गज वर केले आणि मोर्चा निघाला. डोक्याकडून मावशी ढकलतायत, एका बाजूला ठकीचा हात धरून बायको, आणि मागच्या चाकाला चिकटून मास्तर.

लांबलचक गल्लीसारख्या व्हरांड्याच्या शेवटी दोन झडपांचं दार होतं. दाराअलीकडे जमिनीवर लाल पट्टा, आणि ट्रॉली बरोबर पट्ट्याच्या अलीकडे थांबली. इतकी वर्षं मास्तर हेच शिकवत आले होते, की रेषा दिसली की रेषेच्या अलीकडे थांबायचं. आज पहिल्यांदाच त्यांना ती रेषा आवडली.

दार उघडलं. आतून हिरवी टोपी घातलेल्या डॉक्टरीणबाई आल्या, त्यांच्यामागे भूल देणारे उंच डॉक्टर.

"चला, नातेवाईक इथपर्यंतच," मावशी म्हणाल्या.

"बाबा येणारे," ठकी जड जिभेने म्हणाली. "तो बाजूला बसणारे. गाडीतल्यासारखा."

मावशींनी मास्तरांकडे पाहिलं. बायकोनेही पाहिलं, आणि तिला एका क्षणात सगळं कळलं. ठकी वाट बघत होती. आता खरं बोलायचं, की नाही बेटा, बाबाला सोडत नाहीत, तुला एकटीला जायचंय. आणि ती रडली, झोंबली, नाही म्हणाली तर? आणि आत ही बाई...  मास्तर समोरच्या भिंतीवरची पाटी वाचायला लागले. 'शांतता राखा.' त्याखाली, 'चपला बाहेर काढा.'

मावशींनी ट्रॉली ढकलली. ट्रॉली हलली नाही.

त्यांनी कमरेतून जोर लावला. ट्रॉली नुसती हिसका खाऊन जागेवर. ठकीची उशी सरकली.

"अडलं वाटतं चाक," मावशी म्हणाल्या.

"पुढची चाकं तिरकी झाली असतील," मास्तर पाटीवरची नजर न काढता म्हणाले. "आधी जरा मागे घ्या, मग सरळ करून पुढे काढा."

मावशींनी मागे ओढून पाहिलं. मागेही नाही.

"तेल नसेल," मास्तर म्हणाले. "लोक गाड्या वापरतात, पण चाकांकडे कोणी बघत नाही."

आतून दुसरा कामगार आला. त्याने एक गज धरून हलवलं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनीही हात लावला. तीन माणसं, एक ट्रॉली आणि वर विसेक किलोची ठकी, पण वाहन जागचं ढिम्म हलेना. मास्तर बिचारे मनापासून सूचना करत होते. थोडं डावीकडून घ्या, धक्का देऊ नका, हळू हळू. त्यांच्यासारखा जाणकार तिथे असल्याबद्दल कोणालाही बरंच वाटलं असतं.

"आई," ठकी डोळे अर्धवट मिटून म्हणाली, "बाबा पाट्या वाचतोय."

"वाचू दे, बाळा."

"नाही. पाट्या वाचतोय म्हणजे त्याने ब्रेक लावलाय."

सगळ्यांनी खाली पाहिलं. ट्रॉलीच्या मागच्या चाकाशी लोखंडी पेडल असतं, दाबून धरलं की चारही चाकं जखडतात. त्या पेडलवर मास्तरांचा बूट होता. गुडघा ताठ, टाच रोवलेली, सगळं वजन त्यावर. मास्तरांनीही खाली पाहिलं, आणि देवाशपथ सांगतो, सगळ्यांत जास्त आश्चर्य त्यांनाच वाटलं. आपलाच पाय, पण परक्याचा असावा तसे ते त्याच्याकडे बघत राहिले.

मावशींनी तोंड उघडलं होतं, पण डॉक्टरीणबाईंनी हाताने त्यांना थांबवलं. त्या हसल्या नाहीत.

"मास्तर," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही तिकडून दाबलं, की आमच्या पायाखालचंही पेडल खाली जायचं. एकाच दांडीला होतं ना ते? सगळ्यांना कळायचं."

"सगळ्यांना?" मास्तर म्हणाले.

"तुमच्याकडे शिकलेल्या माझ्या भावाला, माझ्या वहिनीला, सगळ्यांना. तुम्ही पाटी वाचायला लागलात, की आम्ही समजायचो, आज आपलं काही खरं नव्हतं."

"मग बोललात का नाही कधी?"

"तुम्ही इतक्या प्रेमाने लपवायचात. जीव झाला नाही सांगायचा."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. तिने खांदे जरासे उडवले. तिलाही, अर्थातच, कळत होतं. इतक्या वर्षांचा हा कारभार असा भर व्हरांड्यात उघडा पडला, पण त्यांना लाज वाटायलाही सवड नव्हती. ठकी त्यांच्याकडे बघत होती.

"आत माझ्याही बाजूला एक जण असतात," बाई त्या उंच डॉक्टरांकडे मान वळवून म्हणाल्या. "भूल त्यांची, श्वासावर लक्ष त्यांचं. ते 'थांब' म्हणाले, की मी थांबते. विचारत नाही का म्हणून. ही सवय कोणी लावली, ते तुम्हाला माहीत आहे."

मास्तरांना काहीतरी बोलायचं होतं. त्यांना सांगायचं होतं, की मी नाही सोडू शकत हो, मला भीती वाटते, माझ्याकडे एकच आहे ही.  पण त्यांना खरंच रडू येत होतं.

"बाबा, पाय काढ ना," ठकी म्हणाली. हे वाक्य तिने गाडीच्या मागच्या सीटवर बसून, मास्तर शिकणाऱ्यांना सांगत असताना, शंभर वेळा ऐकलं होतं. "मला भूक लागलीय. आइस्क्रीम मिळणारे मला."

"अगं, पण मला आत येऊ देत नाहीत," मास्तर कसेबसे म्हणाले. "मी तुला खोटं सांगितलं होतं."

ठकीने त्यावर विचार केला. गुंगीत माणूस सावकाश विचार करतो.

"मग तू इथे बस," ती म्हणाली. "पण पाय काढ."

मास्तरांनी पाय काढला. खट्ट आवाज झाला आणि ट्रॉली मावशींच्या एका बोटाने ढकलावी इतकी सहज पुढे गेली. लाल पट्टा ओलांडला, दाराच्या झडपा उघडल्या, मिटल्या आणि थोडा वेळ आपोआप हलत राहिल्या. ठकीने मागे वळूनही पाहिलं नाही.

बाकावर दोघं बसली. मास्तरांचा पाय फरशीवर दाबलेला होता.  बायकोने आपली चप्पल काढली आणि आपला पाय त्यांच्या बुटावर ठेवला, आणि तसाच ठेवून समोर बघत राहिली. मास्तरांना वाटलं होतं ती रागावेल. ती रागावलीच होती, पण ते काम तिने नंतरसाठी ठेवलं होतं.

अर्ध्या-पाऊण तासाचं काम अर्ध्या-पाऊण तासातच झालं. जगात बऱ्याच गोष्टी सांगितल्या वेळेत होतात, पण बाहेर बसलेल्याचा त्यावर विश्वास बसत नाही. डॉक्टरीणबाई टोपी काढत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "झालं. छान झालं." दोन्ही हात त्यांनी डोळ्यांवर घेतले नव्हते, एवढं तरी उघडच होतं. मास्तर उठून उभे राहिले, त्यांना नमस्कार करावा की रडावं हे ठरेना, म्हणून म्हणाले, "गाडी जपून न्या घरी." बाई म्हणाल्या, "हो, मास्तर."

ठकी जागी झाली ती रडत, चिडत, घोगऱ्या आवाजात सगळ्या जगावर वैतागत. आइस्क्रीम आणलं तर दोन चमचे खाऊन बाजूला ढकललं. ज्यासाठी एवढी शस्त्रक्रिया करून घेतली, ते तिने असं वाऱ्यावर सोडलं. संध्याकाळी बाईंनी पुन्हा तपासून घरी जायला सांगितलं.

गाडीपाशी आल्यावर मास्तर सवयीने बाजूच्या सीटचं दार उघडायला गेले.

"बाबाने माझ्याजवळ बसायचं," ठकी आईच्या खांद्यावरून म्हणाली. "मागे."

मागे! मास्तर आपल्या गाडीत मागच्या सीटवर कधी बसलेच नव्हते. मागे ब्रेक नसतो. त्यांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने हात पुढे केला आणि त्यांनी मुकाट्याने किल्ली दिली. ठकी मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली. पुढची बाजूची सीट रिकामी, तिच्यापुढे ते पेडल एकटंच.

बायको चांगली चालवत होती. हे त्यांना पहिल्यांदाच दिसलं, कारण आजवर ते बघत होते रस्त्याकडे. चौकात एक सायकलवाला मध्येच आडवा आला. मास्तरांचा पाय पुढच्या सीटच्या पाठीवर जाऊन आदळला. काही झालं नाही. तिथे होतंच काय? गाडी आपली आपण, धक्का न बसता, रेषेच्या अलीकडे थांबली.

"कोणी लावला?" मांडीवरून आवाज आला.

"आईने."

"बाबा," ठकी थोड्या वेळाने म्हणाली, "आत कोण बसलं होतं माझ्या बाजूला?"

मास्तरांच्या जिभेवर जुनं उत्तर आलं. मीच की, दाराच्या फटीतून आलो होतो, तू झोपली होतीस ना, तुला कळलं नाही. किती सोपं होतं ते. आरशातून बायको बघत होती. मास्तरांनी खिडकीबाहेरच्या पाट्यांकडे पाहिलं नाही. त्यांनी ठकीकडे पाहिलं.

"मी नव्हतो," ते म्हणाले. "मी बाहेर बाकावर होतो. डॉक्टर होते, ते त्यांचं काम करत होते. तू एकटी गेलीस."

"एकटी?"

"एकटी."

"तू ब्रेक नाही लावलास?"

"दारापाशी लावला होता. पण तूच काढायला लावलास. मग तू एकटीच गेलीस, आणि एकटीच आलीस."

आजवर 'तुम्हीच चालवताय हो' म्हणून हेच ते शेकडो लोकांना सांगत आले होते. खरं असताना ते सांगायची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

 घोगऱ्या घशाने ठकीने एकदा आवंढा गिळला, दुखलं म्हणून तोंड वाकडं केलं, आणि मग त्या वाकड्या तोंडानेच हसली.

"परत सांग," ती म्हणाली.

मास्तरांनी परत सांगितलं. घर येईपर्यंत ते त्यांना बऱ्याच वेळा सांगावं लागलं, आणि शेवटच्या वळणावर तर ठकी झोपली होती, तरी ते सांगतच होते.